धावजी कंडक्टरचा लॅपटॉप

सावरतांडा, ता. दिग्रस
२१ ऑक्टोबर २०२४

चि. दिपाली बेटा,

तुले अन जावईबुवांले आमचा दोघांचा आशीर्वाद. हे पत्र घरी टाइप करून ठेवतो. आमच्या घरात फोनवर बोलण्यापुरती रेंज असते, नेटची नसते. दिग्रसले बाजाराले गेलो की तिथून ते तुह्याकडे निघेल.

तू दिलेल्या लॅपटॉपले तीन महिने झाले. मी तुले अजून नीट काही कळवलं नाही, ते आज कळवतो. मागच्या वर्षी ऑगस्टमधे नागपूरले माहं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं स्वरयंत्र काढलं. त्या दिवसापासून तुह्या जमनीकाकूच्या कानावर माहा एक शब्द पडला नव्हता. बाकीच्यांले मी पाटीवर लिहून दाखवतो, पण तिले वाचता येत नाही. तेहतीस वर्षं दिग्रस-यवतमाळ गाडीवर ओरडलेला माणूस घरात हातवारे करून मीठ मागत होता. मी पाण्यासाठी खूण केली की ती भाकर आणे, अन भाकरीसाठी केली की दार लावे.

आता मी टाइप करतो, बटन दाबतो, अन लॅपटॉप बोलतो. मोबाईलवर हे जमलं नाही. माही बोटं जाड, अन त्यातला मराठी आवाज नेट नसलं की मुका. जमनी लॅपटॉपले 'डब्यातला माणूस' म्हणते. पहिल्या दिवशी त्यानं 'जमनी, चहा टाक' म्हटलं तं ती पदर तोंडाले लावून हसली. मग चुलीकडे तोंड करून बसली. चहा काही त्या दिवशी झाला नाही. तुहे उपकार मी कसे सांगू.

एक विचारायचं आहे. तक्रार समजू नको. झाकण लावलं की तो झोपतो, असं तू सांगतलं होतं. पण त्याचा दिवा विझत नाही, पंखा फिरत राहते. थैलीत घालून दिग्रसले नेला तं थैली तव्यासारखी गरम अन बॅटरी अर्ध्यावर. झाकण उघडलं तं कधी लगेच जागा होते, कधी नुसता काळा पडदा. जमनी काही विचारते, मी झाकण उघडून बसतो, अन पडदा उजळेपर्यंत ती टोपलं घेऊन वावरात निघून गेली असते. मले वाटते, तिले त्या डब्याचा कंटाळा आला.

तुहा बाप असता तं त्यानं बॉनेट उघडून पाह्यलं असतं. रामराव ड्रायव्हर होता, मी कंडक्टर. मले फक्त घंटी माहीत. सवडीनं उत्तर दे.

तुहा काका,
धावजी आडे


पुणे
२७ ऑक्टोबर २०२४

ती. धावजीकाका आणि काकू,

नमस्कार. पत्र ऑफिसला जाताना बसमध्ये वाचलं. काकूंनी चहा टाकला नाही तिथपर्यंत आले आणि पुढचं वाचायला मला दोन थांबे लागले.

काका, उपकार हा शब्द माझ्यासाठी परत वापरू नका. बारावीला मी यवतमाळला क्लासला जायचे तेव्हा तुम्ही तुमची सीट मला देत होता. मी पुस्तक उघडून बसायचे आणि तुम्ही दारव्ह्यापर्यंत, कधीकधी यवतमाळपर्यंत उभे. बाबा आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "धावजी, तू तिले बिघडवशील." मी बिघडले नाही, नोकरीला लागले. तुम्हाला दिलेला लॅपटॉप त्याच नोकरीतला जुना आहे. त्यावर मी लिनक्स टाकलं, कारण जुन्या मशीनला ते झेपतं आणि तो बोलणारा प्रोग्राम त्यावर नेटशिवाय चालतो.

आता दुखण्याकडे येऊ. लॅपटॉपला दोन तऱ्हेनं झोपता येतं. एक म्हणजे डुलकी. पडदा बंद, पण आतलं बरंचसं जागं. दुसरी गाढ झोप, तिच्यात फक्त आठवण शाबूत ठेवण्यापुरती वीज लागते. तुमचं मशीन बहुतेक डुलकीवर आहे, म्हणून थैली तापते. त्याला गाढ झोपेवर कसं न्यायचं ते सोबतच्या फाईलमध्ये लिहिलं आहे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा आणि त्या चार ओळी जशाच्या तशा टाइप करा. टिंब, रेघ, मोकळी जागा, काही सुटता कामा नये. मग मशीन एकदा बंद करून चालू करा.

दुसरं, मशीन स्वतःची रोजनिशी लिहीत असतं. किती वाजता झाकण लागलं, किती वाजता उघडलं, झोपताना काय अडलं, सगळं. तिला लॉग म्हणतात. ती कशी काढायची तेही लिहिलं आहे. दहा-बारा दिवस वापरून पाहा आणि ती फाईल मला पाठवा. तुम्ही स्वतःही नोंद ठेवली तर फार उपयोग होईल. झाकण लावल्यावर दिवा विझायला किती वेळ लागतो, एवढंच.

दिवाळीत यायचं होतं, सुटी मिळाली नाही. काकूंना सांगा, मी येणार आहे.

तुमची,
दिपाली


सावरतांडा
११ नोव्हेंबर २०२४

चि. दिपाली,

आशीर्वाद. तुह्या चार ओळी टाइप करायले मले एक अख्खी सकाळ लागली. दोन वेळा त्यानं इंग्रजीत काहीतरी नाराजी सांगतली. तिसऱ्या वेळी समजलं की मी एक टिंब खाल्लं होतं. मग झालं. फरक पडला, पण अर्धाच. झोपला तं आता खरंच थंड पडते, थैली गरम होत नाही. पण झोपायलेच तयार नसते.

तू नोंद ठेवायले सांगतली ते बरं केलं. तेहतीस वर्षं तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल भरलं, हात शिवशिवतच होता. झाकण लावून मी मनात आकडे मोजतो. हे बघ.

घरी, सकाळी: वीस मोजले अन पंखा एकदम जोरात. पुन्हा वीस, पुन्हा पंखा. शंभराच्या पुढे मी मोजणं सोडलं.
दिग्रस स्टँडवर: सहा मोजेपर्यंत दिवा विझला.
बाजारात, धनसिंगच्या किराणा दुकानात: पाच.
घरी, दुपारी: पुन्हा वीस-वीसचा खेळ. उघडला तं पडदा काळा.
शेजारच्या भावसिंगच्या गच्चीवर: सात. उघडल्यावर लगेच हजर.
घरी, संध्याकाळी: नाहीच.

अशा एकूण एकतीस नोंदी आहेत, सगळ्या कागदाचा फोटो जोडतो. मले वाटते आमच्या घरच्या विजेत दोष असावा. भावसिंगचं मीटर नवीन आहे, आमचं जुनं. तू म्हणत असशील तं वायरमनले बोलावतो.

लॉगची फाईलही जोडली आहे. मधात थोडी धावपळ झाली, म्हणून पत्राले उशीर झाला. जमनीच्या पायाले लागलं आहे, पण आता बरी आहे. तू काळजी करू नको.

धावजीकाका


पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

ती. धावजीकाका,

नमस्कार. वायरमनला बोलावू नका. वीज ठीक आहे. तुमच्या एकतीस नोंदींनी दोष सापडला आणि तो माझा आहे.

तुमचा कागद मी भिंतीवर चिकटवला आणि बघत बसले. स्टँडवर झोपतो, दुकानात झोपतो, भावसिंगकाकांच्या गच्चीवर झोपतो. या तिन्ही जागी फोनमधून लॅपटॉपला नेट मिळतं, गच्चीवर उंचीमुळे. घरी येत नाही. मग लॉग उघडला आणि तिथे तेच लिहिलेलं होतं, दर वेळी, बरोबर वीस सेकंदांनी.

तुम्हाला लॅपटॉप देताना मी त्यात एक फोल्डर ठेवला होता. बाबांचे आणि तुमचे डेपोतले जुने फोटो. पण फोटो लॅपटॉपमध्ये नव्हते. ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होते आणि नेटवरून तुम्हाला दिसायचे. मला वाटलं, नवे सापडतील तसे मी इकडून टाकत जाईन. फोटोंची यादी ठेवणारा एक छोटा प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये सारखा डोकावतो. नेट नसलं की तो पुण्याच्या उत्तराची वाट बघत खोळंबतो. लॅपटॉप झोपायला निघाला की आतल्या सगळ्या प्रोग्रामना आहे तिथे थांबायला सांगतो. सगळे थांबतात, हा एक थांबत नाही. वीस सेकंद वाट बघून लॅपटॉप झोपेचा बेत सोडतो, सगळ्यांना पुन्हा जागं करतो. झाकण लागलेलंच असतं, म्हणून परत झोपायला जातो. परत तेच. तुमच्या भाषेत सांगायचं तर निघायची डबल बेल दिली, पण एक प्रवासी दारातच उभा. आत येईना, उतरेना. गाडी जागची हलत नाही.

आधी हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. माफ करा.

फोल्डरची ती जोडणी कशी काढायची ते सोबत दिलं आहे, या वेळी दोनच ओळी आहेत. फोटो मी पेन ड्राइव्हमध्ये पाठवते, ते लॅपटॉपमध्येच राहतील.

आता दुसरी गोष्ट. लॉगमध्ये सहा नोव्हेंबरचं पान आहे. बुधवार, दुपारी तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी झाकण उघडलं. मशीन तेव्हा झोपायच्या धडपडीत होतं, म्हणून पडदा काळाच राहिला. मग चालू करायचं बटन दाबलं गेलं. मग परत. अकरा मिनिटांत चौदा वेळा. काका, ते बटन दाबलं की लॅपटॉपने झोपावं असं त्यात मुळातच लावलेलं असतं. तुम्ही त्याला उठवत होता आणि तो प्रत्येक दाबण्याचा अर्थ 'झोप' असा घेत होता.

तीन अठ्ठावन्ननंतर संध्याकाळपर्यंत कोणी त्याला हात लावलेला नाही. मी तुम्हाला ओळखते. घाईत चौदा वेळा घंटी मारणारे तुम्ही नाही. त्या दिवशी काय झालं? काकूंच्या पायाला काय लागलं आहे? मला खरं सांगा.

ते बटन आता झोपवण्याचं काम करणार नाही, असं कसं करायचं तेही लिहिलं आहे. आणि वरच्या ओळीतल्या शेवटच्या बटनावर मी एक वाक्य बसवण्याची सोय पाठवते आहे. ते एकदा दाबलं की काही टाइप न करता लॅपटॉप मोठ्यानं बोलेल: "मी धावजी आडे, सावरतांडा, तालुका दिग्रस. माझं ऑपरेशन झालं आहे, मला बोलता येत नाही. मदत हवी आहे, फोन ठेवू नका."

दिपाली


सावरतांडा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. दिपाली,

तू मशीनची रोजनिशी मागतली तेव्हा त्यात हेही निघेल हे मले माहीत नव्हतं. माहीत असतं तं ते पान फाडलं असतं. आता विचारलंच आहे तं सांगतो.

त्या दिवशी जमनी स्लॅबवर वाळत घातलेली सोयाबीन गोळा करून खाली उतरत होती. शिडी सरकली. मी आत होतो, आवाज ऐकून धावलो. ती फरशीवर पडलेली, कपाळ फुटलेलं, अन उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. कापूस वेचणीचे दिवस, तांड्यात चिटपाखरू नव्हतं. ती म्हणली, "भावसिंगले हाक मारा."

मग तिलेच आठवलं. ती माह्याकडे पाहत राह्यली.

दिपाली, ऑपरेशनच्या वेळी मी रडलो नाही. पेन्शनच्या कागदावर मूक असं लिहिलं तेव्हाही नाही. पण ती नजर मले सहन झाली नाही.

मी लॅपटॉप आणला, तिच्या बाजूले बसलो, उघडला. काळा पडदा. बटन दाबलं. पुन्हा दाबलं. एका हातानं फोन लावला अँब्युलन्सले. पलीकडून बाई बोलली, "हॅलो, कुठून बोलताय? पेशंटला काय झालंय?" मी फोन लॅपटॉपजवळ धरला अन बटन दाबत राह्यलो. ती तीन वेळा विचारून थांबली. तिची काही चूक नाही, न बोलणाऱ्या फोनले ती किती वेळ धरून ठेवील. मी जमनीच्या तोंडाजवळ फोन धरला तं तिची शुद्ध हरपत चालली होती, शब्द निघत नव्हते. दुसऱ्यांदा लावला. तेच.

मग मी सगळं तिथंच टाकलं, तिच्या कपाळाले धोतराचा फडका बांधला अन भावसिंगच्या वावराकडे पळालो. माहा श्वास आता गळ्याच्या भोकातून चालते, पळायची मनाई आहे. नाल्यात एकदा पडलो. भावसिंगनं मले दुरून पाह्यलं अन कमरेची कापसाची ओटी सोडून देऊन सामोरा आला. माहं तोंड पाहूनच समजला. त्याच्या पिकअपमधे गादी टाकून आम्ही तिले दिग्रसले नेलं. तोपर्यंत पाऊण तास ती अंगणात पडून होती. सात टाके पडले, पायाले प्लास्टर. डॉक्टर म्हणले, रक्त बरंच गेलं, पण आणलं हे चांगलं केलं.

तुले काहून सांगतलं नाही, ते सांगतो. तू इतक्या मायेनं ते मशीन दिलं. तीन महिने त्यानं आमचं घर बोलतं केलं. एका दिवशी तो उठला नाही, तेवढंच तुह्या ध्यानात राह्यलं असतं. तू तिकडे एकटी बसून रडली असती. अन तू लिहिलं, दोष माहा. बेटा, दोष कायचा? तू तुह्या बापाचे अन माहे फोटो ठेवले होते. त्याले दोष म्हणत नाहीत.

आता चांगलं ऐक. तुह्या दोन ओळी टाइप केल्या. घरी, नेट नसताना, झाकण लावलं. चार मोजले अन दिवा विझला. मी मुद्दाम एक तास थांबलो. उघडलं, दोन मोजले, पडदा आला. मले विश्वास बसेना, म्हणून अठरा वेळा लावलं-उघडलं. जमनी खाटेवरून म्हणली, "काय त्या डब्याचं झाकण उखडता आता?" अठराही वेळा बरोबर.

शेवटच्या बटनाची परीक्षा आम्ही भावसिंगवर घेतली. मी त्याले फोन लावला, बटन दाबलं. तो अर्ध्या वाक्यातच चप्पल न घालता पळत आला. त्याले खीर खाऊ घालून वापस पाठवला.

तू पुन्हा म्हणशील, उपकार म्हणू नका. मग काय म्हणू ते तूच टाइप करून पाठव, मी बटन दाबीन.

तुहा काका


पुणे
१ डिसेंबर २०२४

ती. काका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणालात तशी रडले, पण एकटी नाही, जावईबुवा शेजारी होते.

एक गोष्ट मीही तुम्हाला कधी सांगितली नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोचू शकले नाही. त्यांच्याजवळ तुम्ही होता. फोन त्यांच्या कानाला लावून तुम्ही मला म्हणालात, "बोल बेटा, त्याले ऐकू येते." मी बोलत राहिले. मध्ये मी थांबले की तुम्ही म्हणायचात, "ऐकून राह्यला, थांबू नको." पुढे आत्यानं सांगितलं की शेवटची दहा मिनिटं त्यांना शुद्ध नव्हती. तुम्हाला ते दिसत होतं. तरी तुम्ही मला बोलू दिलं. त्या दहा मिनिटांवर मी आजही उभी आहे. लॅपटॉप त्यापुढे काहीच नाही.

आता भांडण. तुम्ही मला त्रास होऊ नये म्हणून लपवलंत. पण ते पान लॉगमध्ये नसतं तर ते बटन तसंच राहिलं असतं आणि परत कधीतरी दगा दिला असता. यापुढे मशीनचं आणि तुमचं, दोघांचंही काही बिघडलं तर मला कळवायचं.

आणखी एक. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की काकूंना डब्याचा कंटाळा आला असं वाटतं. तुम्ही त्यांना विचारलंत का? एकतीस नोंदी ठेवल्या, ही एक ठेवली नाही.

फोटोंचा पेन ड्राइव्ह रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे.

दिपाली


सावरतांडा
९ जानेवारी २०२५

दिपाली बेटी,

मी जमनी. टाइप तुहे काका करून राह्यले, सांगून मी राह्यली. झालेलं पत्र लॅपटॉप मले वाचून दाखवते, म्हणून यायले, तुह्या काकाले, काही गाळता येत नाही. आत्ताच एकदा वाचून घेतलं. 'हट्टी म्हातारा' असं मी सांगतलं होतं ते यायनं लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं.

फोटो पोचले. रामरावभाऊ अन हे, दोघं गाडीच्या टपावर बसून डबा खाऊन राह्यले, तो फोटो मी रोज काढायले लावते. पायाचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालते.

तू यायले सांगतलं की जमनीले विचारा. यायनं विचारलं. म्हणजे टाइप केलं, अन लॅपटॉप म्हणला, "जमनी, तुले माहा कंटाळा येते का?" मी चूल फुंकत होती, फुंकणी बाजूले ठेवली. मग मी खरं ते सांगतलं. हे रागावले की पहिल्यापासून बोलणं सोडतात. लग्नापासून हीच सवय. मशीन आल्यापासून चार महिने, मी काही विचारलं की हे झाकण उघडत अन नुसते बसून राहत. मले वाटे, रागात आहेत. तीस वर्षं बिडी ओढली, तिच्यापायी गळा गेला, अन मी कधी हात धरून ती विझवली नाही, त्याचा राग. म्हणून मी टोपलं उचलून वावरात जाई. यायले वाटलं मले कंटाळा आला. मले वाटलं यायले माहा राग आला. अन मधात ते मशीन तुह्या पुण्याकडे तोंड करून अडून बसलेलं. कोणाले सांगतलं तं हसतील.

आता काल काय झालं ते ऐक, त्यासाठीच हे पत्र.

कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. घरात बसून माहा जीव आंबला, म्हणून मी काठी टेकत वावरात गेली. बायांसंगं दोन ओळी वेचल्या असतील, तेवढ्यात हे आले. गळ्यात थैली, थैलीत लॅपटॉप. वावराच्या कडेले धुऱ्यावर उभं राहून यायनं तो उघडला, आवाज होता तेवढा मोठा केला, अन तो सगळ्या वावरात ओरडला, "जमनी, घरी चल. पाय पुन्हा मोडशील." बाया वेचणं सोडून उभ्या.

मी म्हटलं, "घरी बसून काय करू, भिंती मोजू?"

माहं बोलणं संपलं नाही तोवर तो म्हणला, "मोज. मी एकतीस वेळा मोजत होतो."

मी म्हटलं, "कापूस काय तुम्ही वेचान?"

"वेचतो. तुह्यापेक्षा चांगला वेचतो."

"कधी वेचला? जन्म गाडीत गेला."

"गाडीत गेला म्हणून तुले सोन्याच्या पाटल्या आल्या."

धुरपताबाई माह्या बाजूच्या ओळीत होती. तिनं तोंडात पदर कोंबला. मी चिडली. मी यायच्या बहिणीचं काढलं, यायनं माह्या भावाचं काढलं. मी बोलत होती तेव्हाच यायची बोटं चालत होती, अन मी श्वास घ्यायले थांबली की तिकडून उत्तर हजर. एकदा तं माहं वाक्य अर्धं असतानाच आलं. पहिले असंच होतं, मले पूर्ण बोलूच देत नव्हते. ऊन डोक्यावर येईपर्यंत आमचं चाललं. मले सांगायले शब्द उरले नाहीत, यायची बॅटरी अजून पाऊण होती.

शेवटी मी हरली. काठी उचलली अन घराकडे निघाली. हे मागून. वाटेनं मी रडली. यायनं पाह्यलं, झाकण उघडून विचारलं, "पाय दुखते का?" मी म्हटलं, "दुखते." ते खोटं होतं. पाय काही दुखत नव्हता.

सतरा महिन्यांत मी यायच्याशी भांडली नव्हती, बेटी. मी बोले अन समोरून वेळेवर काही येत नसे. त्याच्यासंगं काय भांडावं? मी घरात एकटीच हरत होती अन एकटीच जिंकत होती. काल माहा माणूस मले उलटून बोलला, चार बायांत, सगळ्या वावरात. म्हणून मी रडली. हे मी यायले सांगतलं नाही. आत्ता तुले सांगतलं तेव्हा यायले समजलं.

तुह्या हातानं हे झालं. तुह्या हाताले बरकत येवो, तुहं घर असंच बोलतं राहो.

यायनं टाइप करणं थांबवलं आहे. चष्मा काढून पुसून राह्यले. मी म्हटलं, हेही लिहा. तं लिहिलं.

तुही काकू,
जमनी